तेरावा मतदारसंघ : डेट्रॉइटच्या एका जागेचा शंभर वर्षांचा हिशेब

नोव्हेंबर २०२२ मध्ये श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी कौतुकाने छापली. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, घरची ओढगस्त, मुंबईत एमएस्सी, मग अमेरिकेत रसायनशास्त्रातली पीएचडी आणि स्वतःचा उद्योग. हा सुरुवातीचा प्रवास अनेकांनी त्यांच्या ‘ही श्रीची इच्छा’ या मराठी पुस्तकात आधीच वाचलेला होता. कौतुक साहजिकच होतं. पण ते निवडून आले कुठून, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘मिशिगन राज्यातून’ एवढ्यावरच संपलं. ज्या मतदारसंघाने त्यांना पाठवलं, त्याच्यासाठी तो निकाल वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा होता. जानेवारी १९५५ पासून सलग ६८ वर्षं डेट्रॉइटचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये होता. ती परंपरा त्या निकालाने खंडित झाली, आणि तीही अशा शहरात, जिथे चारातली तीन माणसं कृष्णवर्णीय आहेत.

याचा दोष ठाणेदारांना देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. श्रेयही फक्त त्यांचं नाही. मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाची गोष्ट सुरुवातीपासून पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. इथे कोण निवडून येणार, हे मतदारांइतकंच नकाशावरच्या रेषा ठरवतात, आणि नोव्हेंबरपेक्षा ऑगस्ट, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीचा महिना, ठरवतो.

आधी पद्धत थोडक्यात सांगायला हवी. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत आणि मुदत फक्त दोन वर्षांची. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की कोणत्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवरून नव्याने ठरतं आणि प्रत्येक राज्य आपल्या मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखतं. आपल्याकडे लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवून ठेवल्या गेल्या. तिथे दर दशकात हा सोहळा होतो. महापालिकेच्या प्रभागरचनेत कोणती गल्ली कुठे गेली यावरून इच्छुकांची झोप कशी उडते, हे आपण पाहिलेलं आहे. तेच मोठ्या प्रमाणावर, आणि क्रमांकांचीही अदलाबदल होऊन. त्यामुळे ‘तेरावा मतदारसंघ’ म्हणजे एकच ठराविक भूभाग, असं धरून चालता येत नाही.

मिशिगनला तेरावी जागा मिळाली १९१० च्या जनगणनेनंतर. पहिली दोन वर्षं ती सबंध राज्यातून भरली गेली. मग डेट्रॉइटमध्ये मतदारसंघ आखला आणि १९१५ मध्ये चार्ल्स निकल्स हे रिपब्लिकन गृहस्थ पहिले प्रतिनिधी झाले. फोर्डच्या कारखान्यांमुळे शहर तेव्हा वेड्यासारखं वाढत होतं. १९१० साली ४ लाख ६६ हजार असलेली वस्ती १९२० साली ९ लाख ९४ हजारांवर गेली. तरीही शहराला वाढीव जागा मिळाल्या नाहीत, कारण १९२० च्या जनगणनेनंतर काँग्रेसने जागांचं फेरवाटपच केलं नाही. खेड्यांचं वजन कमी होऊन शहरांचं, त्यातही बाहेरून आलेल्या कामगारांच्या शहरांचं वजन वाढेल, ही धास्ती त्यामागे होती. राज्यघटनेचा आदेश दहा वर्षं सरळ बाजूला ठेवला गेला. मिशिगनच्या जागा १९३३ पर्यंत १३ वरच थांबल्या.

त्या काळातली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल १९२० मध्ये निकल्स पदावर असतानाच वारले. नोव्हेंबरमध्ये उरलेल्या चार महिन्यांसाठी पंचविशीतले क्लॅरेन्स मॅक्लिऑड निवडून आले आणि त्यापुढच्या पूर्ण मुदतीसाठी व्हिन्सेंट ब्रेनन. एकाच जागेला लागोपाठ दोन वेगळी माणसं मिळाली. जवळपास शंभर वर्षांनी हेच पुन्हा घडणार होतं. मॅक्लिऑड पुढे १९२३ मध्ये परत आले आणि दीर्घकाळ टिकले. मंदी आली, रुझवेल्टची लाट आली, मोटारकामगारांच्या संघटना उभ्या राहिल्या. आणि मग मॅक्लिऑड व डेमोक्रॅट जॉर्ज ओब्रायन यांच्यात ही जागा चेंडूसारखी इकडून तिकडे जात राहिली. १९४७ ते ४९ अशी दोन वर्षं हॉवर्ड कॉफिन या रिपब्लिकनाने ती घेतली. त्यानंतर तेराव्या क्रमांकाच्या जागेवर रिपब्लिकन माणूस बसलेला नाही. म्हणजे पंच्याहत्तर वर्षांहून अधिक काळ इथली खरी लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतच होते.

ती पहिली मोठी आतली लढत १९५४ ची. दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत दाटीवाटीने राहत, कारण इतर ठिकाणी त्यांना घर मिळतच नसे. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्यांचा बाजार. तिथल्या नावाजलेल्या व्यवसायांपैकी एक होता ‘हाउस ऑफ डिग्ज’, अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणारा. गोऱ्यांच्या अशा संस्था कृष्णवर्णीयांचं काम घेत नसत, म्हणून हा धंदा आपल्याच माणसांच्या हातात राहिला आणि गोऱ्या मालकाच्या मर्जीवर पोट नसलेला एक वर्ग तयार झाला. राजकारणात उतरायला तेच लागतं. थोरले चार्ल्स डिग्ज राज्याच्या सेनेटवर निवडून आले, लाचखोरीत तुरुंगात गेले, सुटून पुन्हा निवडून आले; तेव्हा सेनेटने त्यांना जागेवर बसू दिलं नाही. पोटनिवडणूक लागली आणि त्यांचा मुलगा, धाकटा चार्ल्स डिग्ज, १९५१ मध्ये त्याच जागेवर जिंकून आला. तीन वर्षांनी त्याने पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, सात वेळा निवडून आलेल्या ओब्रायन यांना धूळ चारली आणि नोव्हेंबरमध्ये सहज जिंकला. वय ३१. मिशिगनचा पहिला कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य.

प्रतिनिधिगृहात तेव्हा त्याच्यासकट तीन कृष्णवर्णीय सदस्य होते. शिकागोचे विल्यम डॉसन पक्षयंत्रणेत मुरलेले, न्यूयॉर्कचे अ‍ॅडम क्लेटन पॉवेल तोफखाना. डिग्ज शांत स्वभावाचे. पण पहिल्याच वर्षी त्यांनी जे केलं, त्यावरून मला ते या मतदारसंघाचे सगळ्यात मोठे प्रतिनिधी वाटतात.

ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल या शिकागोहून पाहुणा आलेल्या १४ वर्षांच्या मुलाचा मिसिसिपीत निर्घृण खून झाला. आरोपी दोन गोरे पुरुष. सप्टेंबरमध्ये समनर या गावी खटला चालू झाला. डिग्ज तिथे जायला निघाले. त्यांचं ना त्या राज्याशी नातं, ना तिथे त्यांचे मतदार. पण डेट्रॉइटच्या त्यांच्या मतदारांपैकी कित्येकांची मुळं दक्षिणेतच होती. न्यायालयाच्या दाराशी त्यांना अडवलं. कृष्णवर्णीय पत्रकारांपैकी एकाने आत जाऊन सांगितलं की काँग्रेसचे सदस्य आलेत, तर तिथल्या पोलिसाचा विश्वासच बसेना की असा माणूस अस्तित्वात असू शकतो. शेवटी त्यांना आत घेतलं आणि कृष्णवर्णीय पत्रकारांसाठी कोपऱ्यात टाकलेल्या लहानशा टेबलाशी बसवलं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य, पण कोर्टात जागा मिळाली ती कातडीच्या रंगावरून. ते शेवटपर्यंत बसून राहिले. ज्युरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. ज्या राज्यात कृष्णवर्णीयांना मतदानाला जाणंही जिवावर बेतत होतं, तिथे त्या टेबलाशी बसलेला माणूस हेच साक्षीदारांना बळ होतं. प्रतिनिधित्व म्हणजे नेमकं काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुढची पंचवीस वर्षं डिग्ज यांनी जागा हातची जाऊ दिली नाही. परराष्ट्र व्यवहार समितीच्या आफ्रिका उपसमितीचे अध्यक्ष म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाचा प्रश्न त्यांनी वॉशिंग्टनमध्ये लावून धरला, तेही इतरांना त्यात काडीचा रस नव्हता तेव्हा. १९७१ मध्ये निक्सन सरकारच्या आफ्रिका धोरणाचा निषेध म्हणून संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी शिष्टमंडळातून ते बाहेर पडले. त्याच वर्षी काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांचा गट, काँग्रेशनल ब्लॅक कॉकस, स्थापन झाला. पहिले अध्यक्ष डिग्ज. राजधानी वॉशिंग्टनला स्वतःचा महापौर आणि नगरपरिषद निवडण्याचा हक्क देणारा १९७३ चा कायदा झाला, तेव्हा संबंधित समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं.

इकडे घरी मतदारसंघ पायाखालून सरकत होता. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर बुलडोझर आले. नव्या महामार्गासाठी आणि ‘शहरी नूतनीकरणा’साठी ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली पाडून टाकल्या गेल्या. दुकानं गेली, चर्च गेली, भाडेकरूंना भरपाईच्या नावाने फारसं काही मिळालं नाही. ज्या वस्तीने डिग्ज घराणं घडवलं, ती वस्ती डिग्ज काँग्रेसमध्ये असतानाच नकाशावरून पुसली गेली. गोरी कुटुंबं उपनगरांकडे आधीच निघाली होती. जुलै १९६७ चा उद्रेक झाला, ४३ माणसं मेली, आणि ती वाट आणखी रुंद झाली.

इथे आकडे मांडायलाच हवेत, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या १८ लाख ४९ हजार ५६८ होती. त्या वेळी मिशिगनला १८ जागा मिळाल्या, म्हणजे एका मतदारसंघात साधारण साडेतीन लाख माणसं. या हिशेबाने शहराच्या वाट्याला पाचाहून अधिक प्रतिनिधी येत होते. २०२० साली शहराची लोकसंख्या ६ लाख ३९ हजार १११ आणि एका मतदारसंघाचं माप ७ लाख ७५ हजार. म्हणजे अख्खं डेट्रॉइट गोळा केलं तरी एक मतदारसंघ भरत नाही. पाचाहून अधिक जागांचं शहर एका जागेपेक्षाही लहान झालं. कोणत्याही प्रतिनिधीच्या कर्तृत्वापेक्षा किंवा नाकर्तेपणापेक्षा या आकड्याने डेट्रॉइटचं जास्त नुकसान केलं.

मधल्या काळात एक दार उघडलंही होतं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असली पाहिजे असा निर्णय दिला. मिशिगनचे मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्येचा दुसरा मतदारसंघ तयार झाला. त्यातून जॉन कॉन्यर्स निवडून आले. १९६५ च्या सुरुवातीला दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी असलेलं मिशिगन हे देशातलं एकमेव राज्य होतं. कॉन्यर्स यांनी डेट्रॉइटच्या कार्यालयात रोझा पार्क्स यांना नोकरी दिली. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच पार्क्स. अलाबामात काम मिळेनासं झालं, तेव्हा त्या डेट्रॉइटला आल्या होत्या. १९८८ पर्यंत त्यांनी तिथे काम केलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी कॉन्यर्स यांनी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टीचं विधेयक मांडलं आणि १५ वर्षं रेटून १९८३ मध्ये ते कायद्यात उतरताना पाहिलं. तेव्हा त्यांच्या मतदारसंघाचा क्रमांक पहिला होता. ते तेराव्यात येतील ते खूप उशिरा.

डिग्ज यांचा शेवट वाईट झाला. कर्मचाऱ्यांचे पगार कागदोपत्री फुगवून ती रक्कम स्वतःच्या खर्चासाठी वळवल्याबद्दल ऑक्टोबर १९७८ मध्ये ते दोषी ठरले. महिन्याभरात निवडणूक होती आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. बाहेरच्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. मला ते पटत नाही. समनरच्या कोर्टात आपल्यासाठी जाऊन बसलेल्या माणसाला लोक एका निकालाने टाकून देत नाहीत. पण पैसा जनतेचा होता, आणि तो त्यांनी घेतला हेही खरं. जुलै १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४१४ विरुद्ध शून्य मतांनी त्यांच्यावर ठपका ठेवला. म्हणजे त्यांच्या गटातल्यांनीही. जून १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या जागी आलेले जॉर्ज क्रॉकेट ७१ वर्षांचे होते, आणि तोपर्यंत त्यांचं एक आयुष्य जगून झालेलं होतं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कम्युनिस्ट नेत्यांवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलांत क्रॉकेट होते. न्यायाधीशाशी खटके उडाले आणि अवमानाबद्दल त्यांना चार महिन्यांची कैद झाली. तुरुंगात जाऊन आलेला हा वकील १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या फौजदारी न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून निवडून आला. मार्च १९६९ च्या एका रात्री न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चबाहेर एका पोलिसाला गोळी घालून मारलं गेलं. हे चर्च गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या वडिलांचं. पोलिसांनी आत गोळीबार केला आणि स्त्रिया-मुलांसकट १४० च्या वर माणसांना सरसकट पकडलं. बातमी कळताच क्रॉकेट पहाटेच उठून पोलिस मुख्यालयात गेले आणि तिथेच न्यायालय उघडून बसले. वकील न देता, कारण न सांगता कोंडलेल्यांना ते सोडू लागले. पोलिस संघटना भडकली, त्यांना हटवण्याची मोहीम उघडली गेली. क्रॉकेट यांचं म्हणणं साधं होतं : गोऱ्या वस्तीतल्या चर्चमध्ये पोलिस असे शिरले असते का, आणि सगळ्या भाविकांना उचलून नेलं असतं का? काँग्रेसमधल्या दहा वर्षांत त्यांनी नेल्सन मंडेला यांच्या सुटकेसाठी ठराव आणला, दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर निदर्शनं करून अटक करवून घेतली. १९९१ च्या जानेवारीत ते स्वतःहून निवृत्त झाले. या जागेवरून मानाने आणि आपल्या मर्जीने बाहेर पडलेली माणसं फार नाहीत, म्हणून हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

त्यानंतरची वीस वर्षं तशी झटकन सांगता येतील. बार्बरा-रोज कॉलिन्स आल्या. १९९३ मध्ये मिशिगनच्या जागा १८ वरून १६ झाल्या, क्रमांक फिरले आणि ‘तेरावा’ हा आकडा डेट्रॉइट सोडून अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावाकडे गेला. तिथे दहा वर्षं विल्यम फोर्ड आणि लिन रिव्हर्स यांनी त्या क्रमांकाने काम केलं. डेट्रॉइटची जागा तेवढा काळ ‘पंधरावी’ म्हणवली गेली. कॉलिन्स यांच्या कार्यालयीन पैशांच्या वापराची चौकशी लागली आणि १९९६ च्या प्रायमरीत कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक यांनी त्यांना हरवलं. २००३ मध्ये तेरावा क्रमांक परत डेट्रॉइटला आला. किलपॅट्रिक अर्थवाटप समितीवर होत्या, शहरासाठी निधी आणत होत्या; पण त्यांचा मुलगा क्वामे शहराचा महापौर झाला आणि २००८ मध्ये त्याला गुन्हा कबूल करून पद सोडावं लागलं. त्याची झळ आईला बसली. ऑगस्ट २०१० मध्ये त्या प्रायमरी हरल्या.

हरवणारे हॅन्सन क्लार्क. यांचे वडील आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेले, आई कृष्णवर्णीय, शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं काम करणारी. दक्षिण आशियाशी रक्ताचं नातं असलेला या मतदारसंघाचा पहिला प्रतिनिधी ठाणेदार नव्हेत, क्लार्क आहेत. त्यांना एकच मुदत मिळाली. २०१० च्या जनगणनेनंतर रिपब्लिकन विधिमंडळाने नकाशा काढला; शेजारच्या चौदाव्या मतदारसंघाला इतका वळसा घातला की तो डेट्रॉइटमधून निघून पार पॉन्टिअ‍ॅकपर्यंत पोचला. कृष्णवर्णीय मतदार दोन मतदारसंघांत ठासून भरायचे आणि आजूबाजूच्या जागा आपल्यासाठी सुरक्षित करायच्या, हा त्यातला डाव. क्लार्क तेराव्यातून चौदाव्यात गेले आणि हरले. कॉन्यर्स यांची जागा एव्हाना चौदाव्या क्रमांकाची झाली होती; ते तिथून तेराव्यात आले आणि जिंकले.

कॉन्यर्स यांची अखेरची वर्षं या जागेवर गेली. २०१४ मध्ये अर्जावरच्या हजार सह्यांचाही घोळ झाला आणि मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी त्यांना फेडरल कोर्टाची पायरी चढावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये, महिला कर्मचाऱ्यांनी केलेल्या लैंगिक छळाच्या आरोपांनंतर, जवळपास ५३ वर्षांच्या कारकिर्दीवर त्यांनी राजीनाम्याची सही केली. किंग यांच्या नावाची सुट्टी त्यांचीच, आणि ज्या बायकांनी तोंड उघडलं त्यांचं म्हणणंही खरं धरायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

मग आला ७ ऑगस्ट २०१८. त्या दिवशीची मतपत्रिका डोळ्यांसमोर आणून पाहावी. एकाच कागदावर, एकाच जागेसाठी, दोन वेळा मत द्यायचं होतं. एक चौकट कॉन्यर्स यांच्या उरलेल्या मुदतीसाठी, तिच्यात चार नावं. दुसरी पुढच्या पूर्ण मुदतीसाठी, तिच्यात सहा. रशिदा तलैब आणि नगरपरिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स दोन्हींत होत्या. उरलेल्या मुदतीत जोन्स जिंकल्या. पूर्ण मुदतीत दोन नावं वाढली, मतं आणखी फाटली आणि तलैब सुमारे ९०० मतांनी जिंकल्या. त्यांना मिळालेली मतं ३१ टक्के. नोव्हेंबरमध्ये समोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता. जोन्स यांनी २९ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि ३ जानेवारीला खुर्ची सोडली. पाच आठवड्यांची काँग्रेस सदस्य. फोर्डच्या कारखान्यात काम करणाऱ्या पॅलेस्टिनी स्थलांतरिताची, चौदा भावंडांतली थोरली मुलगी, तलैब, त्या जागेवर बसली. पॅलेस्टिनी वंशाची पहिली महिला सदस्य आणि पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी एक. त्या मुदतीत तलैब यांनी स्वतःचं स्थान पक्कं केलं. २०२० मध्ये जोन्स पुन्हा समोर आल्या तेव्हा तलैब यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवलं. पण पहिलं दार उघडलं ते फाटलेल्या मतांनी.

त्याच नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी एक चांगला निर्णय घेतला. मतदारसंघ आखायचं काम राजकारण्यांकडून काढून सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याही पक्षाचे नसलेले. आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये नकाशा मंजूर केला. राज्याचा एकूण नकाशा पूर्वीपेक्षा नक्कीच न्याय्य झाला. डेट्रॉइटच्या बाबतीत मात्र आयोग चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. कृष्णवर्णीय मतदार एकत्र ठासू नयेत हा हेतू बरोबर होता. म्हणून शहराच्या वस्त्या लांबवर पसरलेल्या उपनगरांना जोडल्या गेल्या. शहर बाराव्या आणि तेराव्या मतदारसंघात विभागलं गेलं आणि दोन्हींत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याखाली आलं. तेराव्यात डेट्रॉइटचा मोठा भाग, हॅमट्रॅमॅक, हायलंड पार्क, आणि त्यांच्याबरोबर नदीकाठची श्रीमंत ग्रोस पॉइंट गावं व दक्षिणेकडची डाउनरिव्हरची कामगार उपनगरं. गोरे डेमोक्रॅट नोव्हेंबरमध्ये कृष्णवर्णीय उमेदवाराला मत देतात, तेव्हा एवढं प्रमाण पुरेल, हा आडाखा. पण इथे नोव्हेंबरला ठरण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ऑगस्टमध्ये काय होतं, हे आयोगाने नीट पाहिलं नाही. विधिमंडळाच्या जागांबाबत हीच चूक पुढे कोर्टात उघडी पडली : डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने डेट्रॉइट परिसरातले १३ विधिमंडळ मतदारसंघ रद्द केले. काँग्रेसच्या जागा त्या खटल्यात नव्हत्या, म्हणून त्या तशाच राहिल्या.

ऑगस्ट २०२२ ची प्रायमरी या पार्श्वभूमीवर झाली. तलैब बाराव्यात गेल्या, शहराच्या दुसऱ्या प्रतिनिधी ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या. तेराव्यात नऊ उमेदवार. वेन काउंटीचे प्रमुख वॉरन एव्हान्स यांनी कृष्णवर्णीय नेत्यांना एका नावामागे उभं करायचा प्रयत्न केला, राज्याचे सेनेटर अ‍ॅडम हॉलिअर यांचं नाव पुढे आलं, पण माघार घ्यायला कोणी तयार नव्हतं. हॉलिअर यांच्यासाठी बाहेरच्या गटांनी लाखो डॉलर ओतले. ठाणेदार यांनी स्वतःचे लाखो डॉलर. २०१८ मध्ये राज्यपालपदाच्या प्रायमरीत हरल्यावर ठाणेदार अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला आले होते आणि २०२० मध्ये तिथून राज्य विधिमंडळावर गेले होते. पैशाखेरीज त्यांचं नावही त्यामुळे दारोदार पोचलेलं होतं. ते जिंकले २८ टक्क्यांवर; मतं २२ हजारांच्या आसपास. हॉलिअर यांना २३ टक्क्यांवर थोडी, पोर्शिया रॉबर्सन यांना १७. पावणेआठ लाखांचा मतदारसंघ, आणि त्याचा प्रतिनिधी ठरवायला बावीस हजार मतं पुरली. नोव्हेंबरमध्ये ७१ टक्के मिळाले, ते ठरलेलंच होतं. २०२४ मध्ये हॉलिअर यांचा अर्ज सह्यांच्याच कारणावरून बाद झाला आणि ठाणेदार यांनी मेरी वॉटर्स यांना हरवून जागा राखली.

एक गैरसमज दूर करायला हवा. डेट्रॉइट परिसरात मराठी माणसं पुष्कळ आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव होतात. पण त्यांतली बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत राहतात. तेराव्या मतदारसंघाच्या हद्दीबाहेर. ठाणेदार यांचे मतदार मराठी नाहीत. ते हायलंड पार्कमधले निवृत्त कामगार आहेत, हॅमट्रॅमॅकमधले बंगाली आणि येमेनी दुकानदार आहेत, टेलर या उपनगरातले गोरे युनियनवाले आहेत. ठाणेदार यांच्यावर तिथे होणारी टीकाही आपल्याकडे पोचत नाही : जाहिरातबाजी फार, मतदारसंघातलं काम कमी, ही ती टीका. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन समाजांसाठी त्यांनी काँग्रेसमध्ये गट काढला. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची कलमं दाखल केली आणि स्वपक्षाच्या विरोधापुढे मे महिन्यात त्यावरचं मतदान मागे घेतलं. ज्या जागेवर डिग्ज आणि क्रॉकेट बसून गेले, तिथे माप मोठं असणारच, आणि ते त्यांनाही लावलं पाहिजे.

मात्र माणसं बदलून हा प्रश्न सुटणार नाही. तलैब ३१ टक्क्यांवर आल्या, ठाणेदार २८ वर. दोघांनाही पहिल्या वेळी दहातल्या सात मतदारांनी नाकारलं होतं. अमेरिकेतल्याच जॉर्जियासारख्या राज्यांत प्रायमरीत कोणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. मिशिगनमध्ये ती नाही. २०३० च्या जनगणनेनंतर आयोग पुन्हा रेषा ओढेल. तेव्हा त्याने ऑगस्टच्या मतदानाचे आकडे समोर ठेवावेत. आणि दुसऱ्या फेरीसाठी तोवर थांबायचं कारण नाही, तो कायदा विधिमंडळाने त्याआधीच करावा.